आधी थांबली पाहिजे

(दृश्य: ट्रॅक्टरला साखळीनं बांधलेली जीप गॅरेजच्या दारात येते.)

कोल्हापूरचं उद्यमनगर. ओतकाम, लेथ, बोअरिंग, सगळी दुकानं भिंतीला भिंत लावून. त्यातल्याच एका गॅरेजात आज ही पाहुणी आलीय. महिंद्राची एमएम ५४०, ऐंशीच्या दशकातली. आधी वडापला, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीला पळाली, मग मळ्यावर खताची पोती वाहिली, आणि शेवटची काही वर्षं गोठ्याच्या वळचणीला उभी राहिली. वायरिंग उंदरांनी संपवलंय. हौद्याच्या तळातून खालची जमीन दिसते.

मालकाचा पहिला प्रश्न, रंग कुठला द्यायचा? दुसरा, मोठं इंजिन बसवू या का? मिस्त्री दोन्ही ऐकून घेतात आणि काही न बोलता गाडीखाली सरकतात.

(दृश्य: चासीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, हातोडीचे हलके ठोके.)

हा आवाज ऐका. चांगलं लोखंड खणखणतं. मागच्या पाट्यांच्या, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगच्या हँगरपाशी आलं की तोच ठोका भद्द वाजतो. चाकानं उडवलेला चिखल नेमका इथं साठतो आणि पावसाळाभर ओला राहतो. पेचकस टेकवला, तर सरळ आत गेला. वरून मात्र जाड डांबर. कुणीतरी कधीतरी पट्टी मारून वर फासलेलं. आता हौदा उतरवायचा, कुजलेला भाग कापायचा, तेवढ्याच जाडीचा पत्रा घालायचा, आणि वेल्डिंगआधी चासीची कर्णमापं दोन्ही बाजूंनी जुळवून घ्यायची. हे काम पुढं कधीच दिसत नाही, म्हणून तर टाळलं जातं.

या गाडीचं घराणं अमेरिकन विलीज जीपचं. महिंद्रानं चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत माझगावला विलीजची जुळणी सुरू केली. एमएम ५४० मध्येही तीच रचना उतरली: शिडीसारखी चासी, पुढंमागं सलग अ‍ॅक्सल, चारही कोपऱ्यांना पाटे. इंजिन मात्र फ्रान्सच्या प्यूजोचं, एक्सडीपी ४.९०. त्याचं नावच त्याचं माप आहे, चार सिलिंडर आणि ९० मिलिमीटरचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास. स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची धाव, ८३, म्हणून एकूण २११२ सीसी. ताकद साठ-बासष्ट अश्वशक्तीच्या घरात. आजच्या हिशेबानं किरकोळ, पण मळ्याच्या वाटेला पुरेशी.

मोठ्या इंजिनाचं काय, हा प्रश्न गाडीइतकाच कायद्याचाही आहे. गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, शिवाय उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ च्या निकालात स्पष्ट केलंय. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी. तेव्हा आरसी बुकावरचं आणि गाडीतलं जुळलं पाहिजे. म्हणून मूळ इंजिनच उघडलं. बोअर मापून घेतला, नोझल तपासायला दिले, हीटर प्लग बदलले.

आणि खरं सांगायचं, तर जास्त ताकदीची या गाडीला घाईच नाही. तिला थांबता येत नाही, अडचण ती आहे.

(दृश्य: उघडलेला ब्रेक ड्रम, आत तेलकट लायनर.)

चारही चाकांना ड्रम, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर नाही आणि ब्रेकचं तेल चाकांकडे ढकलणारा मास्टर सिलिंडर एकेरी. एक पाइप फुटला की सगळे ब्रेक गेले. घाटउतारावर हा विचार करून बघा. दुहेरी सिलिंडरमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांची वाट वेगळी होते, एक गेली तरी दुसरी उरते. वर बूस्टर. पण त्याला व्हॅक्यूम लागतो. पेट्रोल इंजिनात तो मॅनिफोल्डमधून फुकट मिळतो. या डिझेलच्या हवेच्या वाटेत थ्रॉटल, म्हणजे हवा अडवणारी झडपच नाही, मग व्हॅक्यूम येणार कुठून? त्यासाठी पाठीवर पंप असलेला अल्टरनेटर बसवला. एकाच खर्चात चार्जिंगही सुधारलं. असा बदल करण्याआधी आरटीओत विचारून ठेवायचं, नाहीतर पासिंगच्या दिवशी हुज्जत.

टायरवर मालक अडून बसले होते. रुंद, उंच, दणकट टायर हवेत. दिसतात झकास, कबूल. पण टायर मोठा झाला की प्रत्येक गिअर लांबतो, चढाला इंजिन दम टाकतं आणि स्पीडोमीटर खराखुरा वेग कमी दाखवतो. शेवटी जुन्या मापाच्या आसपासचे, खोल नक्षीचे टायर ठरले. पाटे खोलून वाकवून घेतले, बुश नवे, पाट्याचं टोक चासीला जोडणारे शॅकल मूळ लांबीचेच. लांब शॅकल लावून गाडी उचलायची फॅशन आहे. त्यात चाकांकडे ताकद नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो आणि त्याचे क्रॉस, म्हणजे सांधे, झिजतात.

सगळं झाल्यावर रंग. मालकांनी फिका हिरवा निवडला, मिस्त्रींना तो आवडला नाही.

पहिली चाचणी ओल्या शेतातल्या चढावर. फोर बाय फोरचा दांडा ओढला आणि पुढची चाकं चिखल उपसत वर निघाली. डांबरावर येताच दांडा परत. मध्ये पुढच्या-मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारं डिफरन्शिअल नाही, त्यामुळे कोरड्या रस्त्यावर पुढची-मागची चाकं वळणात एकमेकांशी झगडतात आणि गिअर ताणले जातात. गाडी गॅरेजात परत आली, ती पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा कसायला. नवे बसवलेले पाटे पहिल्या फेऱ्यांत दबतात, बोल्ट सैल होतात. मालकांना आता पान्हा दिलाय आणि त्याचा नंबरही सांगितलाय.