हळद फिकी का पडली?

लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात छळतो तो हळदीचा विधी. अंग पिवळं, साडी पिवळी, मांडवात झेंडू. सुरुवातीच्या दिवसांत अशीच एक हळद मी मॅकवर, दा विंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये रात्रभर बसून रंगवली. सकाळी एक्स्पोर्ट करून मॅकच्याच क्विकटाइम प्लेअरमध्ये उघडली आणि पोटात गोळा आला. हळद ताकात कालवल्यासारखी दिसत होती! मग मी तेच केलं, जे तुमच्यातल्या निम्म्यांनी कधी ना कधी केलं असेल. कॉन्ट्रास्ट वाढवला, सॅच्युरेशन चढवलं, पुन्हा एक्स्पोर्ट. क्विकटाइममध्ये झकास. पेनड्राइव्ह नवरीच्या घरी टीव्हीला लावला, तर नवरदेव उन्हात भाजून निघालेला आणि त्याच्या काळ्या कोटाच्या घड्या गायब.

पहिली फाइल बरोबर होती. बिघडवली मी.

फाइलमध्ये रंग नसतात, आकडे असतात. त्या आकड्यांना सरगम समजा. सा रे ग म कागदावर तेच, पण पेटीवाला काळी एकमध्ये वाजवतो की काळी पाचमध्ये, यावर ऐकू काय येणार ते ठरतं. पट्टी कुठली, हे सांगणारी चिठ्ठी व्हिडिओ फाइलमध्ये असते, तिला टॅग म्हणतात. तिच्यात तीन आकडे: मूळ रंग कोणते, उजेडाची वक्ररेषा कोणती, आणि उजेड व रंग वेगळे काढताना गणित कोणतं वापरलं. आपल्या नेहमीच्या एचडी फाइलवर १-१-१ असतं, म्हणजे तिन्ही रेक. ७०९ या एचडीच्या मानकाप्रमाणे.

गोंधळ मधल्या आकड्यात आहे. १९९० च्या त्या मानकाने कॅमेऱ्याची वक्ररेषा सांगितली. पडद्याने काय करावं हे बीटी.१८८६ या दुसऱ्या मानकात, थेट २०११ साली आलं: गॅमा २.४. गॅमा म्हणजे ती वक्ररेषा किती वाकते त्याचा आकडा; तो जितका मोठा, तितके मधले उजेड गडद. तोवर कॉम्प्युटरवाले सुमारे २.२ च्या एसआरजीबी या स्वतःच्या मानकावर स्थिरावले होते. आणि मॅकमध्ये रंग सांभाळणारं ॲपलचं कलरसिंक १-१-१ ही चिठ्ठी वाचून गॅमा सुमारे १.९६ धरतं. निम्म्या ताकदीचा सिग्नल घेऊन हिशेब करा: २.४ ला पडद्यावर १९ टक्के उजेड, २.२ ला २२, आणि १.९६ ला २६. काळं काळंच, पांढरं पांढरंच. मधलं सगळं वर उचललं जातं. माझी हळद नेमकी तिथेच होती.

म्हणून रंग बघून निदान करू नका, आधी काळं बघा. काळं शाबूत आणि मधलंच फिकं, तर गॅमा. काळंच राखाडी झालं किंवा सावल्या काजळासारख्या बुजल्या, तर रेंज. व्हिडिओत काळं १६ वर आणि पांढरं २३५ वर असतं, कॉम्प्युटर ० ते २५५ मोजतो. ग्राफिक्स कार्ड आणि टीव्ही यांचं एचडीएमआयवर एकमत झालं नाही की हे होतं. आणि काळं, करडं, पांढरं तिन्ही चोख, पण लाल आणि हिरवा सरकलेत, तर तिसऱ्या आकड्याचं गणित चुकलंय: ७०९ ऐवजी एचडीच्या आधीचं जुनं ६०१. लग्नाच्या जुन्या डीव्ही कॅसेटी ६०१ च्या असतात. त्या एचडी करताना चिठ्ठी हरवली, की प्लेअर अंदाज बांधतो.

एक्स्पोर्ट केलेली फाइल परत टाइमलाइनवर, मूळ एडिटच्या बरोबर वर ठेवा आणि ब्लेंड मोड डिफरन्स करा, म्हणजे दोन्हींतला फरक तेवढाच दिसेल. पडदा जवळजवळ काळा राहिला तर आकडे शाबूत आहेत. पण इथे लिहिणारा आणि वाचणारा एकच आहे, त्यामुळे चिठ्ठीची परीक्षा होत नाही. त्यासाठी तीच फाइल त्याच पडद्यावर दुसऱ्या प्लेअरमध्ये लावा. आणि हे सगळं करण्याआधी पडद्याचे रंग आपोआप बदलणारे नाइट शिफ्ट, ट्रू टोन बंद. हसू नका, यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे.

मॅकवर रिझॉल्व्हमध्ये व्ह्यूअरसाठी मॅकचं डिस्प्ले प्रोफाइल वापरायचा पर्याय आहे, आणि रेक. ७०९-ए हा ॲपलच्या गॅमाशी जुळणारा पर्याय त्याचा जोडीदार. दोन्ही लावले की व्ह्यूअर आणि क्विकटाइम जुळतात. ॲडोबीच्या प्रीमियर सॉफ्टवेअरमध्ये व्ह्यूअर गॅमा १.९६, २.२ की २.४ ते निवडता येतं. फाइलवरच दुरुस्तीचा ‘लट’ (LUT, म्हणजे रंगांचे आकडे बदलणारा तयार तक्ता) चढवण्याचा उपाय सुचवला जातो, तो मला पटत नाही. एका प्लेअरची समजूत काढायला बाकी सगळ्यांना चुकीची सरगम द्यायची?

त्या लग्नाचं काय झालं, विचाराल. पहिली फाइल ट्रॅशमधून परत काढली आणि तीच दिली. टीव्ही विविड मोडवर होता, तो मी सिनेमा मोडवर आणला. हळद हळदीसारखी दिसली. दुसऱ्या दिवशी नवरीच्या वडिलांचा फोन: ‘‘अहो, टीव्हीला काय करून गेलात? बातम्या फिक्या दिसताहेत.’’