पाचशे रुपये

हा हात बघा. फ्रेम मुद्दाम हलवत नाहीये. बोटांची टोकं बघा, नखं जवळपास नाहीतच, मातीने झिजून गेलीत. रात्रीचे दोन वाजलेत, वीटभट्टीवर बांबूला एक बल्ब लटकवलाय, आणि ही ताई उकिडवी बसून विटा थापतेय. गारा उचलायचा, साच्यात दाणकन आपटायचा, वरचा हाताने पुसून घ्यायचा आणि साचा पालथा करायचा की झाली एक वीट. परत राखेची चिमूट, परत गारा. नवरा मागे चिखल तुडवतोय, कमरेपर्यंत माखलाय. वय विचारलं तर ताई म्हणाली "असंल पंचवीस, नायतर तीस".

साच्याच्या तळाला मालकाच्या नावाची तीन अक्षरं आहेत. मध्येमध्ये अक्षरांच्या खाचेत माती अडकते, ती ताई बोटाने खरवडून काढते. दिवसातून किती वेळा करत असेल ते तिलाच माहीत. तिला वाचता येत नाही, पण ती अक्षरं तिच्या बोटाला पाठ आहेत.

मी विचारलं, ताई, हजार विटांना किती मिळतात?

"ते शेठला ठावं."

किती उचल घेतली होती?

"पंचवीस हजार. गणपतीच्या टायमाला. पोराला ताप भरला होता."

मग आता किती फिटले?

ती नवऱ्याकडे बघते, नवरा खाली चिखलाकडे बघतो. उत्तर त्यांच्याकडे नाहीच, उत्तर शेठच्या वहीत आहे, आणि वही ऑफिसात.

हे दोघं कातकरी समाजाचे. खैराच्या झाडापासून कात काढायचे म्हणून कातकरी, जंगल हातातून गेलं तसा तो धंदाही गेला, आणि महाराष्ट्रात ज्या 3 जमातींना सरकारने विशेष असुरक्षित आदिवासी गटात घातलंय त्यातली ही एक (बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड). रायगड, ठाणे, पालघर, नाशिक, गावाच्या कडेला यांची वाडी असते आणि कित्येक ठिकाणी झोपडीखालची जमीनसुद्धा दुसऱ्याच्या नावावर. पावसात भात लावणी झाली की हाताला काम नाही, घरात दाणा नाही, आणि नेमकं तेव्हाच भट्टीवाल्याची गाडी वाडीवर येते. उचल म्हणा, बयाणा म्हणा, पैसे तेव्हा मिळतात आणि दिवाळी झाली की अख्खं बिऱ्हाड टेम्पोत बसतं, भांडी, कोंबड्या, पोरं सगळं.

आता तुम्ही म्हणाल, पैसे घेतलेत तर काम करायला नको का? मलाही आधी तसंच वाटायचं, खरं सांगतो. पण दोन गोष्टी ऐका, दोन्ही 500 रुपयांच्या आहेत.

पहिली पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यातली. 2020 च्या दिवाळीच्या सुमारास एका आदिवासी घरातला 12 वर्षांचा मुलगा गेला. बापाकडे कफनाला पैसे नव्हते. त्याने गावातल्या एकाकडून 500 रुपये घेतले आणि मुलाला माती दिली. मग त्या 500 च्या बदल्यात तो त्या माणसाच्या शेतावर, गुराढोरांमागे राबत राहिला, महिन्यामागून महिने, आणि मजुरी मागितली की उचलेची आठवण, असं त्याच्या बायकोने नंतर पोलिसांना सांगितलं. जुलै 2021 मध्ये त्या बापाने स्वतःचा जीव संपवला. गुन्हा दाखल झाला तो वेठबिगारीच्या, म्हणजे कर्जापोटी माणूस बांधून राबवण्याच्या, कायद्याखाली, पण माणूस गेल्यावर.

दुसरी नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातली, सप्टेंबर 2022. एक कातकरी मुलगी, वय 10, मेंढ्या राखायला दिलेली, बेशुद्ध अवस्थेत घरापाशी आणून टाकली आणि हॉस्पिटलात ती दगावली. त्यानंतर चौकशी सुरू झाली तेव्हा कळलं की अशी बरीच पोरं नगर जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडे दिलेली आहेत, आणि तेव्हाच्या बातम्यांमध्ये जो भाव आला तो होता 500 रुपये आणि एक मेंढी. ज्यांनी नेलं तेही काही बंगल्यातले लोक नव्हेत, वर्षातले आठ महिने रानोमाळ फिरणारे आहेत. पण म्हणून त्या पोरीला कोणी परत आणून देणार नाहीये.

मोठी कर्जं राहू द्या, माणूस बांधून ठेवायला 500 ची एक नोट पुरते. ज्याच्याकडे ती नोट नाही त्याच्या घरी मरण आलं, आजार आला, लग्न निघालं की कुणाच्या तरी दारात जावंच लागतं, बँकेत नाही, सोसायटीत नाही, दारातच. आणि ज्याच्या दारात गेलात तो हिशोब ठेवणार. किती फिटले, कशाचे कापले, व्याज किती, खाडे किती, सगळं त्याच्या हातात. गुलामी म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर साखळदंड येतात पण इथे नुसती वही आहे, वर दोरीने बांधलेलं पेन.

ह्याच भागात हे नवीन नाही बरं का. डहाणू, तलासरी, उंबरगाव पट्ट्यात पूर्वी एक शब्द होता, लग्नगडी. लग्नासाठी सावकाराकडून, जमीनदाराकडून पैसे घेतले की तो तरुण त्याचा गडी झाला, बहुतेक वेळा जन्मभरासाठी, आणि जिच्याशी लग्न केलं तीसुद्धा त्याच वाड्यावर राबायची. वर वेठ होतीच, म्हणजे बोलावलं की फुकट जायचं. 23 मे 1945 ला झरी गावात वारली लोक हजारोंनी जमले, कम्युनिस्ट पुढारी गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर तिथे होते, किसान सभेचा, म्हणजे त्यांच्या शेतकरी संघटनेचा, लाल बावटा होता, आणि तिथून ठरलं की वेठ करायची नाही, लग्नगडी राहायचं नाही. लोक वाड्यावाड्यांवर जाऊन गड्यांना सोडवून आणायला लागले. त्याच वर्षी 10 ऑक्टोबरला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला, 5 जण मेले. तरी लोक मागे हटले नाहीत आणि लग्नगडीची पद्धत मोडली. वारल्यांनी हे स्वतः केलं, कुणी वरून दिलं नाही, हे शाळेच्या पुस्तकात नीट यायला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

मग 1976 चा कायदा आला, वेठबिगार पद्धत निर्मूलन अधिनियम. कायदा कागदावर इतका चांगला आहे ना, की वाचताना रडू येतं. तो म्हणतो, असं कर्ज जागच्या जागी संपलं, एक पैसा देणं लागत नाही. तो म्हणतो, मजूर तक्रार करत असेल तर हे वेठबिगारीचं कर्ज नाही हे मालकाने सिद्ध करायचं, मजुराने काही सिद्ध करायचं नाही. 1982 साली सुप्रीम कोर्टाने दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या बांधकाम मजुरांच्या केसमध्ये आणखी पुढे जाऊन सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हीच सक्तीची मजुरी, घटनेच्या कलम 23 चा भंग, कारण भुकेला माणूस हो म्हणतो ते काही मनाने म्हणत नाही.

मग अडतं कुठे? सांगतो. शोधायची, सोडवायची जबाबदारी महसूल खात्यावर, कलेक्टर, प्रांत, तहसीलदार. सोडवल्यावर मुक्तीचं सर्टिफिकेट द्यायचं, त्याशिवाय पुनर्वसनाचा पैसा नाही. आणि हे सर्टिफिकेट दिलं की आपल्या तालुक्यात वेठबिगारी आहे हे लेखी कबूल केल्यासारखं होतं, म्हणून साहेब लिहितात, "मालक-मजूर यांच्यातील पैशाचा वाद". एवढ्या एका ओळीने सगळं संपतं. 2016 च्या केंद्राच्या योजनेत पुरुषाला 1 लाख, बाई आणि मुलांना 2 लाख, फार भयंकर केस असेल तर 3 लाख अशी रक्कम ठेवली, पण पूर्ण रक्कम मालकाला शिक्षा होण्याशी जोडली, आणि शिक्षा किती जणांना होते ते कोर्टाच्या आवारात जाऊन विचारा. त्याच वर्षी सरकारने संसदेत सांगितलं होतं की 2030 पर्यंत 1 कोटी 84 लाख वेठबिगार मुक्त करायचेत. तोवर चार दशकांत देशभरात सोडवून पुनर्वसन झालेले मोजले तर 3 लाखसुद्धा भरत नव्हते.

जगाचा आकडाही आहे, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा, 2021 साली जवळपास 5 कोटी लोक आधुनिक गुलामीत, त्यातले 2 कोटी 76 लाख सक्तीच्या मजुरीत. पण खरं सांगू का, आकडा ऐकून माझ्या पोटात काही हललं नाही. हललं ते सकाळी.

सकाळी ऊन वर आलं की रात्रीच्या विटा एका कुशीवर उभ्या करायच्या असतात, दोन्हीकडून वाळाव्यात म्हणून. हे काम पोरांचं, पाय हलके असतात, रांगांमधून पटपट जातात. ताईची मुलगी 7 वर्षांची, वाडीवरच्या शाळेत पटावर नाव आहे, दिवाळीपासून गैरहजर. ती मला म्हणाली, मला लिवता येतं, आणि ओल्या मातीत बोटाने तिने तीन अक्षरं काढली. शेठची. उलटी. साच्यात आहेत तशी, आरशात दिसावीत तशी. तिने अक्षरं तिथेच बघितलीत. मला काय बोलावं सुचेना, मी नुसतं छान म्हटलं, आणि ते छान म्हटल्याचं मला अजून टोचतंय.

आठवड्याला बाजाराच्या दिवशी खर्ची मिळते, तांदूळ, तेल, मिरची एवढ्यापुरती. ती लिहिली जाते. कोणी आजारी पडलं, औषध आणलं, लिहिलं. अवकाळी पाऊस आला आणि थापलेल्या विटा विरघळल्या तर त्या विटा मोजणीत नाहीत, त्या रात्रीची मेहनत पाण्यात, म्हणजे अक्षरशः. जत्रेला दोन दिवस गावी गेले, खाडा लिहिला. ही भिंत, हा तुमचा माझा ब्लॉक, हा मुंबई-पुण्याकडे जाणारा ट्रक, ह्यातल्या विटांवर ती अक्षरं आहेत, प्लास्टरच्या आत झाकलेली.

मे संपत आला, भट्टी विझली. हिशोबाला आम्हाला आत बसू दिलं नाही, बाहेरून शूट केलंय म्हणून आवाज नीट नाहीये. दोघं वीस मिनिटांत बाहेर आले. साडेसहा महिने, दोन माणसं आणि एक पोर. 9 हजार अजून त्यांच्याच अंगावर बाकी निघाली.

टेम्पो उभा होता, भांडी चढवली, कोंबड्यांची दुरडी वर बांधली. शेठचा माणूस धावत आला, वाटखर्चीला म्हणून त्याने दादाच्या हातात 500 ची नोट ठेवली, आणि आत जाऊन वहीत लिहून आला.