पारसिकचा डोंगर, सातवीच्या वर्गात

ठाण्याजवळच्या कळव्यातली ही मराठी माध्यमाची शाळा, दुपारचं सत्र, सातवीचा वर्ग. वर्गाच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो, आणि आज भूगोलाच्या तासाला बाईंनी तोच डोंगर समोरच्या भिंतीवर आणलाय, प्रोजेक्टर लावून, गूगल अर्थमध्ये.

धडा समोच्च रेषांचा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा. ज्यांनी कधी शिकवलाय त्यांना माहितीये हा किती दमवतो ते, कारण फळ्यावर एकात एक गोल काढले की पोरं गोलच पाठ करतात, डोंगर काही दिसत नाही. बाई आधी बटाटा अर्धा कापून त्याच्या चकत्या वहीवर गिरवायला लावायच्या, चांगलंच होतं ते आणि अजूनही करतात, पण पारसिकच्या उतारावर याच वर्गातल्या कितीतरी जणांची घरं आहेत, रोज चढून जातात ती, मग डोंगर दुसरीकडे शोधायचा कशाला?

आता नीट बघा. शिफ्ट दाबून माऊस ओढला की वरून सपाट दिसणारा हिरवा पट्टा तिरका होतो आणि डोंगर उभा राहतो. कर्सर जिथे न्याल तिथली उंची स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात मीटरमध्ये दिसते. माऊस एका मुलीच्या हातात, बाकीचे आकडे ओरडून सांगतायत, आणि प्रत्येक बाकावर डोंगराचा एकेक प्रिंटआऊट. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० नकाशावर साधारणपणे दोन रेषांत २० मीटरचा फरक धरतात, म्हणून इथेही दर २० मीटरला पेन्सिलने टिंब. सारख्या उंचीची टिंबं जोडली की रेषा तयार, कुठे एकमेकींना चिकटलेल्या, कुठे लांब लांब.

मग बोगद्याचा विषय निघतो. कळव्याची पोरं, निघणारच! जुनी रेल्वे लाईन डोंगराला वळसा घालून खाडीच्या कडेने मुंब्र्याला जाते, बोगदा झाला १९१६ साली, साधारण १.३ किलोमीटरचा. आधी वळसा का आणि नंतर बोगदा का, हे बाईंनी सांगितलंच नाही, पोरांनीच स्वतःच्या कागदावर बोट ठेवून सांगितलं की इथे रेषा दाट आहेत, म्हणजे चढ उभा, गाडी चढणार कशी.

बाई इथपर्यंत आल्या कशा? एमएससीआयटीचं सर्टिफिकेट होतंच, २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मोबाईलवरून तासही घेतले, तरी वर्गात प्रोजेक्टर लावायचा म्हटलं की कॉम्प्युटरच्या सरांना हाक मारायला लागायची. प्रशिक्षणांना जायच्या तर तिथे पुढे पीपीटी चाललेली आणि सगळे शिक्षक वहीत उतरवून घेतायत, माऊस कोणाच्याच हातात नाही. मला हे मनापासून खटकतं, कारण हात लावल्याशिवाय कोणालाच येत नाही, शिक्षकांनाच तेवढं कसं येणार?

बाईंनी एकच केलं, सुरुवात मशीनपासून न करता अडलेल्या धड्यापासून केली. हा धडा माझ्याच्याने नीट पोचत नाही, याला काही आहे का, एवढंच सरांना विचारलं. परितेवाडीच्या झेडपी शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी, ज्यांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, त्यांचं पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड टाकण्याचं कामही स्वतःच्याच वर्गातून सुरू झालेलं.

ही बाईंची वही. 'आधी प्रोजेक्टर, मग लॅपटॉप. केबल घट्ट. चित्र नाही आलं तर विंडोजचं बटण आणि पी.' खाली लाल पेनाने, 'रात्री डोंगर फिरवून ठेवणे'. म्हणजे काय, तर शाळेतल्या नेटचा भरवसा नाही, म्हणून आदल्या रात्री घरच्या वायफायवर त्या पारसिक चारी बाजूंनी फिरवून बघतात, एकदा बघितलेला भाग लॅपटॉपमध्ये साठून राहतो आणि दुसऱ्या दिवशी नेट गेलं तरी बराचसा दिसतो. घरचं जेवणखाण आवरल्यावरचा हा वेळ आहे, आणि तो कुठल्याच टाइमटेबलमध्ये धरलेला नसतो. धरायला हवा.

आता शनिवारी शाळा सुटल्यावर बाकीचे शिक्षकही इथे बसतात. येताना आपला अडलेला धडा आणायचा आणि माऊस स्वतः धरायचा. विज्ञानाच्या सरांना सर्किटसाठी कोलोरॅडो विद्यापीठाची फेट नावाची फुकट साईट सापडलीये, तिथे वायर जोडली की बल्ब पेटतो, चुकीची जोडली तर आगही दिसते, आणि सरांचं म्हणणं असं की एकदा हे बघितलेली पोरं लॅबमध्ये खऱ्या वायरी जास्त जपून धरतात. मराठीच्या बाईंनी मात्र सरळ सांगितलं, मला फक्त एक चांगला स्पीकर द्या, पोरांना कविता कवीच्या आवाजात ऐकवायचीये, बाकी मला फळा पुरतो. स्पीकर मिळालाय त्यांना.