गंज ठेवायचाय? मग क्लिअर कोटचा डबा बाजूला ठेवा

मंडळी, गेल्या व्हिडिओत मागे माझी ७२ सालची फियाट उभी होती, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. विषय होता कार्ब्युरेटरचा, आणि कॉमेंटमध्ये सगळे विचारतायत काय, तर "दादा, या गाडीला रंग कधी मारणार?" नाही मारणार! बोनेटवरचा निळा रंग विटलाय, कडांना तपकिरी गंज आलाय, मला ती तशीच आवडते. पेट्रोल पंपावरचा पोरगा दर वेळी ओळखीच्या पेंटरचा नंबर देतो. घेतो बापडा मी, फोन करत नाही.

आता हा गंज आहे तसा टिकवायचा कसा? सुरुवातीचं पटकन उरकतो. साध्या कार शाम्पूने धुवा. हाताला लागतो तो सुटा भुगा स्कॉच-ब्राइटने हलक्या हाताने काढा. वायर ब्रश नको, उरलासुरला रंग जाईल. मग दारं, डिकी, बोनेट सगळं उघडं टाकून कडक उन्हात वाळवा.

आणि आता तुमचा लाडका क्लिअर कोट, म्हणजे वरून मारायचा पारदर्शक थर. "वरून मॅट क्लिअर मारला की गंज लॉक, बरोबर ना दादा?" नाही ओ, लॉक-बिक काही होत नाही. गंज सच्छिद्र असतो. वरून खडखडीत कोरडा दिसला तरी आत ओल असते, खाऱ्या हवेतलं मीठ असतं. त्यावर क्लिअर मारलात म्हणजे ती ओल तुम्ही आत कोंडलीत. आत गंज वाढतच राहतो, आणि गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. मग तो वरचा कोट उचलतो.

अलिबागच्या माझ्या एका मित्राने मे महिन्यात हौसेने बोनेटवर क्लिअर मारून घेतला. गणपतीत गेलो तर बोनेटवर पांढरट फोड! नख लावलं की पोपडा हातात. बरं, समजा तुमचा पत्रा खरंच कोरडा होता. हायवेवर एक खडी उडाली, कोटला बारीकसा टवका गेला, की पाणी तिथून शिरतं आणि कोटच्या खालून पसरत जातं. वरून तुम्हाला पत्ताच नाही. आणि हे सगळं दिसल्यावर करणार काय? क्लिअर काढायचा तर घासावा लागतो, आणि घासलं की जो गंज जपायला निघालो तोही गेला. म्हणजे शेवटी रंगच मारा!

"पण अमेरिकेत सगळे मारतात." अहो, त्यातल्या कितीतरी गाड्या ॲरिझोनाच्या वाळवंटातल्या असतात. तिथे एक जुलै रत्नागिरीचा पाठवून बघा.

मी वापरतो डबल बॉइल्ड लिनसीड ऑइल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल. रंगाच्या दुकानात मिळतं. खायचं जवसाचं तेल आणू नका, ते वाळता वाळत नाही, धूळ चिकटत राहते. निम्मं तेल, निम्मं टर्पेंटाइन. कापडाने अगदी पातळ हात, पंधरा-वीस मिनिटांनी उरलेलं सगळं पुसून घ्या. पुसायचा कंटाळा केलात तर चिकट डाग पडतात. मग काही दिवस गाडी सावलीत, वारा लागेल अशी. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. कायमचं नाही, दर पावसाळ्याआधी पुन्हा हात द्यायचा. पण द्यायला काही घासावं लागत नाही, हीच तर मजा आहे. रंग थोडा गडद होतो. किती, ते बघायचं असेल तर आधी कोपऱ्यात नुसतं टर्पेंटाइन पुसा, ओलं असताना दिसतो साधारण तोच रंग.

आणि हे नीट ऐका. तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता सोडतं, बोळ्यात ती साठते आणि काडी न लावता आग लागते. चिंध्या बाहेर एकेक पसरून वाळवा, नाहीतर झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवा.

"डब्ल्यूडी-४० हे स्प्रेचं तेल मारलं तर?" बरंचसं उडून जातं, पावसाळा काढणार नाही. "रस्ट कन्व्हर्टर?" तो गंज काळा करतो. आतल्या बाजूला खुशाल वापरा, बाहेर नको. आणि ज्या महाशयांनी चांगल्या रंगावर मीठ-व्हिनेगर फवारून पॅटिना, म्हणजे जुनाट गंजकं रूप, आणायची रेसिपी टाकलीय, त्यांना मी उत्तर देणार नाही. राग येतो हो.

बाकी कौतुक बाहेरच्या गंजाचं. या फियाटला वेगळी चेसिस नाही, बॉडीच सगळा भार घेते. दाराखालची सिल, फ्लोअर, स्प्रिंग जिथे धरलेत त्या जागा स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर तिथे तेल-बिल काही नाही, सडका पत्रा कापायचा आणि नवा वेल्ड करायचा. दारांच्या खालची पाणी जायची भोकं पाल्याने बुजतात, ती तारेने मोकळी करा आणि आतून कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे पोकळ भागात फवारायचं मेण, मारा. रबर मॅट उचलून खालचं जूटही बघा. ओलं असेल तर आजच बाहेर काढा, बोनेट नंतर.