मुठ्यांचा डोंगर

(दृश्य: येऊर, जुलैची रात्र. ओहोळाच्या काठावर टॉर्चचा झोत.)

चार-पाच दिवस पाऊस लागून राहिला की ठाण्याच्या येऊर डोंगरातल्या ओहोळांकाठची बिळं जागी होतात. बाहेर येतो तो मुठा, म्हणजे गोड्या पाण्यातला खेकडा. काळपट तपकिरी, जाड पाठीचा; नराची एक नांगी दुसरीपेक्षा चांगलीच दांडगी. ठाण्यात याचं कालवण खाणाऱ्यांना ओळख करून द्यायला नको. सर्दीवर मुठ्याचा रस्सा हवाच, असं घरोघरी सांगतात. औषधाचं माहीत नाही, नाक मात्र तिखटानेच मोकळं होत असावं!

याची प्रजाती बॅरिटेलफुसा. 1909 साली प्राणिशास्त्रज्ञ आल्कॉक यांनी हे नाव दिलं. तिच्यातल्या कुनिक्युलॅरिस या जातीची नोंद मात्र त्याआधीची, 1836 ची. कर्नल साईक्स यांनी दख्खनमधून जमवलेल्या खेकड्यांवरून ती झाली.

(दृश्य: उताणी मादी, पोटाखालची रुंद झडप.)

आता ही झडप बघा. नराची अरुंद असते, मादीची रुंद आणि गोलसर. तिच्याखाली अंडी. इथेच डोंगरातला मुठा आणि ठाणे खाडीतली चिंबोरी यांच्या वाटा वेगळ्या होतात. तिवरांतली चिंबोरी लाखोंनी अंडी घालते, त्यासाठी समुद्राकडे जाते, आणि तिच्या बारीक अळ्या पाण्याबरोबर कुठच्या कुठे वाहत जातात. मुठ्याची अंडी कमी, पण टपोरी. त्यांतून अळी निघतच नाही. निघतो तो थेट इवलासा खेकडा, आठ पाय, दोन नांग्या, सगळं जागच्या जागी. काही दिवस तो आईच्या झडपेखालीच मुक्कामाला असतो.

वाहून जाणं नाही, म्हणजे दूर पोचायचं तर पायीच. त्यामुळे सह्याद्रीत बरेच गोड्या पाण्यातले खेकडे एखाद्या घाटापुरते, एखाद्या कड्यापुरते उरलेत. 2014 मध्ये वेगळी मांडलेली घाटियाना ही रंगीत खेकड्यांची प्रजाती त्यांतलीच. मुठा त्यामानाने दणकट. महाराष्ट्रात बऱ्याच भागांत सापडतो.

(दृश्य: एप्रिल. आटलेला ओहोळ.)

उन्हाळ्यात तो ओलीच्या मागे बीळ खोल नेतो. कल्ले ओले राहिले की त्याचं भागतं. पण त्यासाठी काठ मातीचा हवा. डोंगरपायथ्याचे काही ओढे आता काँक्रीटच्या भिंतींत गेलेत. पावसात पाणी त्यांतूनही धो-धो वाहतं. तिथे मुठे शोधायला जाऊ नका.