फ्रेमच्या बाहेरचंही दिसलं पाहिजे

चाळीसगावात फोटोग्राफीवर बोलायचं तर केकी मूस यांचं नाव आधी घ्यावं लागतं, आणि मी ते मनापासून घेतो. मात्र टेबलावर मांडणी करून त्यांनी जी चित्रं घडवली, तसल्या कामाला आजच्या आपल्या विषयातला कॅमेरा, म्हणजे रेंजफाइंडर, उपयोगाचा नाही. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नाही, तिच्या शेजारच्या खिडकीतून बघतो आणि त्या खिडकीत दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस करतो. बहुतेक एम-माउंट, म्हणजे लायकाच्या एम लेन्स बसणाऱ्या, कॅमेऱ्यांचा फोकस ०.७ मीटरच्या आत येतही नाही. हा कॅमेरा माणसांचा, गर्दीचा, हलत्या प्रसंगाचा. म्हणून माझी उदाहरणं सारंगखेड्याच्या यात्रेतली असतील.

फिल्मकडे वळलेली तरुण मुलं हमखास विचारतात, सर, ०.५८ घेऊ, ०.७२ घेऊ की ०.८५? लायकाच्या एम७ आणि एमपी या मॉडेलांमध्ये हे तिन्ही प्रकार निघाले, त्यामुळे प्रश्न रास्तच आहे. हा आकडा म्हणजे व्ह्यूफाइंडरचं, त्या बघायच्या खिडकीचं, मॅग्निफिकेशन. ०.७२ म्हणजे नुसत्या डोळ्याला माणूस जेवढा दिसतो, त्याच्या ०.७२ पट तो खिडकीत दिसतो. १ पट असेल तर जेवढ्यास तेवढा. पट वाढली की वस्तू मोठी दिसते, पण खिडकीत मावणारा परिसर कमी होतो. पुढचं सगळं यातूनच निघतं.

आता तापीकाठच्या घोडेबाजारात चला. दत्तजयंतीचे दिवस, व्यापारी लगाम धरून घोडा नाचवून दाखवतोय, भोवती गिऱ्हाइकांचं कडं पडलंय. तुमच्याकडे ३५ मिमी लेन्स आहे. ०.७२ च्या खिडकीत ३५ ची पांढरी चौकट, म्हणजे फोटोत जेवढं येणार त्याची हद्द, आरामात बसते आणि तिच्या चारी बाजूंना थोडी जागा उरते. डावीकडून दुसरा घोडा येतोय, फेटेवाल्या म्हाताऱ्याने मान वळवली, हे त्या जागेत आधी दिसतं. घोडा चौकटीच्या रेषेला टेकायच्या आत तुमचं बोट तयार असतं. रेंजफाइंडर घ्यायचाच कशासाठी, तर माझ्या मते यासाठी. ०.८५ मध्ये हीच चौकट खिडकीच्या कडेला भिडते आणि बाहेरचं जवळजवळ काही उरत नाही. १९५४ च्या लायका एम३ ची पट ०.९१. त्यात ३५ ची चौकटच नाही, ५०, ९० आणि १३५ च्याच आहेत. ३५ वाल्यांची सोय नंतरच्या एम२ मध्ये ०.७२ ने झाली.

म्हणून आकड्याआधी स्वतःला विचारा, माझ्या कॅमेऱ्यावर वर्षभर कुठली लेन्स राहणार? जी राहणार, तिच्या चौकटीबाहेर बघायला जागा उरते का ते तपासा. २८ वापरणाऱ्याने ०.८५ चा विचारच करू नये, त्यात २८ ची चौकट नसते. ०.५८ मध्ये १३५ ची नसते.

चष्मा असेल तर आणखी जपून. काचेमुळे डोळा मागे राहतो आणि खिडकीच्या कडा कापल्या जातात. ०.७२ मध्ये २८ ची चौकट चष्म्यातून एका नजरेत पुरी दिसणं कठीण, डोळा इकडून तिकडे फिरवावा लागतो. अशांना ०.५८ चांगला. कॅमेरा घेताना चष्मा लावूनच बघा, आणि मान न हलवता चारही कोपरे दिसतात का ते पाहा. जुन्या एम३ च्या आयपीसला धातूची कडा असते, तिने चष्म्यावर ओरखडे पडतात. तिथे रबराची रिंग लावून घ्या.

मग मोठी पट हवी कुणाला? ज्याला फोकस बारीक लागतो त्याला. फोकससाठी जुळवायच्या दोन प्रतिमा ज्यांतून येतात, त्या रेंजफाइंडरच्या दोन खिडक्यांमधलं अंतर गुणिले पट, ही त्या कॅमेऱ्याची फोकसची खरी ताकद. लायका एम६ मध्ये हे अंतर ६९.२५ मिमी. ०.७२ ने गुणलं की जवळपास ५० मिमी, ०.८५ ने ५९, ०.५८ ने ४०. फोक्टलेंडर बेसा आर३ए ची पट पूर्ण १, पण खिडक्यांमधलं अंतर ३७ मिमीच, म्हणून ताकदही ३७. आकडा सर्वांत मोठा असूनही ०.५८ च्या लायकापेक्षा कमी! तरी दोन्ही डोळे उघडे ठेवून बघायला तो कॅमेरा फार सुखाचा. समोरच्या जगावर चौकट तरंगत राहते.

ही ताकद लागते किती? तीन मीटरवरचा घोडेवाला ३५ मिमीने एफ २ वर, म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडून, टिपला तर साधारण ९० सेंटिमीटर खोली फोकसमध्ये येते. तिथे ०.५८ सुद्धा भरपूर झाला. त्याच अंतरावरून ९० मिमी, एफ २ लावा, खोली जेमतेम १३ सेंटिमीटर उरते. लगामाचा हात धारदार आणि चेहरा पुसट, असं सहज होतं. अशी पोर्ट्रेटं ज्याला करायची आहेत त्याने ०.८५ किंवा एम३ घ्यावा, आणि तो निवांत घ्यावा.

०.७२ वर १.२५ पटीचा मॅग्निफायर चढवला की ०.९ होतो. लांब लेन्सपुरता हा उपाय मला पटतो. मात्र त्याने डोळ्यालाच मदत होते. रेंजफाइंडरची जुळणी बिघडलेली असेल तर मॅग्निफायर ती सुधारत नाही. सेकंडहँड कॅमेऱ्यात हे आधी बघा. लांबच्या विजेच्या खांबावर फोकस अनंतावर न्या. मधल्या उजळ पट्टीतल्या दोन प्रतिमा तंतोतंत एक झाल्या पाहिजेत, आडव्याही आणि उभ्याही. खांब दुहेरी दिसला तर दुरुस्तीचा खर्च किमतीत धरा, नाहीतर तो कॅमेरा सोडून द्या, मग पट कितीही मनासारखी असो.