संग्रहालयात जाताना आजीला सोबत न्या

श्रोतेहो, नमस्कार.

18 मे हा आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन. 1977 पासून जगभर तो पाळला जातो आणि आपल्याकडे तो नेमका मुलांच्या उन्हाळी सुट्टीत येतो. त्या निमित्तानं आज तुमच्यापुढे एक विनंती घेऊन आले आहे. या सुट्टीत मुलांना एखादं संग्रहालय दाखवणार असाल, तर घरातल्या आजीला, आजोबांना, गावाकडून आलेल्या आत्याला सोबत न्या. त्यांनाही तेवढाच विरंगुळा, असा विचार मनात असेल तर तो बाजूला ठेवा. त्यांची तिथे फार गरज आहे.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाबद्दल बोलते, म्हणजे मुद्दा स्पष्ट होईल. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म 1896 चा. 'अज्ञातवासी' या नावानं ते कविता लिहीत. 1920 च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तू जमवण्याचा ध्यास लागला आणि तो आयुष्यभर सुटला नाही. पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या बरोबरीनं होत्या. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. संग्रहालयाच्या नावातला 'राजा' तो. 1975 साली केळकरांनी हा सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाला देऊन टाकला. आज तिथे 20,000 हून अधिक वस्तू आहेत आणि त्यातल्या थोड्याच दालनांत मांडता येतात.

तिथे शस्त्रं आहेत, वाद्यं आहेत. कोथरूडचा मोडकळीला आलेला मस्तानी महाल केळकरांनी आणून तिथे पुन्हा उभा केला, तो पाहायला तर लोक मुद्दाम येतात. पण मला या संग्रहाचं खरं मोठेपण दिसतं ते अडकित्त्यांमध्ये, दौतींमध्ये, समया आणि लामणदिव्यांमध्ये, कुलपांमध्ये, टाचा घासायच्या वज्र्यांमध्ये. ज्या काळात संग्रहालय म्हटलं की देवादिकांच्या मूर्ती, नाणी आणि ताम्रपट एवढंच डोळ्यांपुढे येई, त्या काळात या माणसानं स्वयंपाकघरातली आणि न्हाणीघरातली वस्तू जपण्याच्या लायकीची मानली. मोडीत जाणारं पितळ त्यांनी वाचवलं. घडवणाऱ्या कारागिराचं नाव कुठेच उरलेलं नाही, पण त्याच्या हाताचं काम उरलं, ते यामुळे.

आता वज्रीच घ्या. खाली खरबरीत तळ, वर मोर, हत्ती किंवा घोडा. काही वज्र्यांच्या पोटात बारीक खडे असतात, घासताना त्या खुळखुळतात. काचेपलीकडे ठेवलेली ही वस्तू दहा वर्षांच्या मुलाला खेळण्यासारखी वाटते आणि तो पुढे जातो. शेजारी आजी असेल तर ती थांबते. अनवाणी चालून टाचांना भेगा कशा पडत, बंबातलं कढत पाणी, सणाच्या आदल्या दिवशीची न्हाणी, हे सगळं ती सांगू लागते. मग तोच मुलगा काचेला नाक लावून तळाचा खरबरीतपणा शोधू लागतो. हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

किंवा जुनी फणेरपेटी. आरसा, फणी, कुंकवाचा करंडा हे ओळखता येतं. पण त्यातली एक छोटी डबी कशासाठी, हे आज चाळिशीतल्या बाईलाही सांगता येत नाही. ती मेणाची. आधी कपाळावर मेण टेकवायचं, बोटानं गोल करायचं आणि मग त्यावर कुंकू, म्हणजे ते दिवसभर टिकतं. हे रोज सकाळी करणाऱ्या बायका आता ऐंशीच्या पुढच्या आहेत.

माझी काळजी इथेच आहे. संग्रहालयात वस्तू दाखल झाली की नोंदवहीत तिला क्रमांक मिळतो. धातू कोणता, लांबी-रुंदी किती, कुठून आली, केव्हा आली, हे लिहिलं जातं. ती जपण्याचं शास्त्रही पक्कं आहे. कापड आणि कागदावरची चित्रं यांच्यावर 50 लक्सपेक्षा (लक्स हे उजेड मोजायचं एकक) जास्त उजेड पडू देत नाहीत, कारण उजेडानं उडालेला रंग परत येत नाही. दालनात अंधार का, म्हणून आपण कुरकुरतो, त्यामागे हे कारण असतं. हाताचा घाम धातूला खातो, म्हणून हात लावू देत नाहीत. हे सगळं बरोबरच आहे. पण ती वस्तू धरायची कशी, तिचा आवाज कसा येई, ती कोण वापरी आणि कोणाला वापरायची मुभा नव्हती, याचा रकाना बहुतेक नोंदवह्यांत नसतो. वस्तू आणखी दोनशे वर्षं टिकेल. तिचा वापर ठाऊक असलेलं माणूस टिकणार नाही.

म्हणून पाटीवर 'अडकित्ता, पितळ, अठरावं शतक' एवढंच लिहिलेलं दिसलं की मला वाईट वाटतं. त्या अडकित्त्यावर कोणी राघू-मैना कोरल्या, त्या का? पाहुण्यापुढे पानाचं तबक ठेवणं हा मानाचा भाग होता, म्हणून ना? एवढं एक वाक्य मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहायला कितीशी जागा लागते?

आणि पाहणाऱ्याच्या शरीराचाही विचार हवा. 1916 साली बॉस्टनच्या कलासंग्रहालयात काम करणाऱ्या बेंजामिन गिलमन यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. संग्रहालयातल्या वस्तू आणि पाट्या नीट पाहायच्या, तर माणसाला किती वाकावं लागतं, मान किती वळवावी लागते, याचे फोटो त्यांनी काढून घेतले. ते पाहिले की तासाभरात पाय का भरून येतात हे कळतं. दोष आपल्या गोडीचा नसतो, कपाटाच्या उंचीचा असतो. याला शंभर वर्षं होऊन गेली, तरी किती तरी ठिकाणी खालच्या फळीवरची पाटी वाचायला उकिडवं बसावं लागतं आणि दालनात टेकायला बाक नसतो. गुडघे धरलेल्या आजीनं मग दारातच बसून राहायचं. जिला सगळ्यात जास्त ठाऊक आहे, तीच बाहेर!

चांगलं काम कुठे होतच नाही, असं मुळीच नाही. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची फिरत्या प्रदर्शनाची बस 2015 पासून शाळांपर्यंत, खेड्यांपर्यंत जाते आहे. 2019 साली त्यांनी मुलांसाठी वेगळं संग्रहालय उघडलं. भायखळ्याच्या राणीच्या बागेतलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय 1872 चं. ते पडझडीतून वाचवून 2008 मध्ये पुन्हा उघडलं, आणि मुंबईतल्या जातीजमातींचे, कामधंद्यांचे तिथले मातीचे पुतळे आता पुन्हा डोळे भरून पाहता येतात. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या छोट्या संग्रहालयांकडे मात्र एवढा पैसा नाही. पण मी जे मागते आहे, त्याला पैसा फारसा लागतही नाही. प्रत्येक दालनात एक बाक ठेवा. महिन्यातून एक दुपार गावातल्या वडीलधाऱ्यांना बोलवा, एकेक वस्तू त्यांच्यापुढे ठेवा आणि ती मंडळी काय सांगतात ते फोनवर ध्वनिमुद्रित करा. नोंदवहीत त्या क्रमांकापुढे ते जोडून टाका.

तोवर हे काम आपण घरच्यांनी सुरू करू या. सगळं संग्रहालय एका दिवसात पाहायचा हट्ट धरू नका. तीन-चार वस्तू निवडा. आजीला विचारा: तुमच्याकडे याला काय म्हणायचे? हे घरात कुठे ठेवलेलं असायचं? याला हात लावला म्हणून कोण रागवायचं? मुलांना ते वहीत लिहू द्या, आजीच्या गावाचं आणि तालुक्याचं नावही लिहू द्या, कारण कोकणातली रीत मराठवाड्यात नसते. निघताना त्या पानाचा फोटो काढून संग्रहालयाच्या अभिरक्षकांकडे, म्हणजे तिथल्या वस्तू सांभाळणाऱ्या अधिकाऱ्यांकडे द्या. ते नको म्हणाले, तर पुढच्या वेळी पुन्हा न्या.

नमस्कार.